एक टीव्ही, एक मोबाईल, दोन इयत्ता : पहिली-दुसरीच्या वर्गातले उपक्रम आणि पालकांशी संवाद

दारणाकाठ

नाशिक जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांसाठी हा धागा काढते आहे. बाहेरच्यांनीही जरूर लिहावं.

परिस्थिती बऱ्याच जणांची सारखीच असेल. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली-दुसरी एकाच खोलीत, मिळून २८ मुलं. ग्रामपंचायतीकडून मिळालेला ४३ इंची टीव्ही भिंतीवर आहे, नेट म्हणजे शिक्षकाचा मोबाईल. निपुण भारतची (पायाभूत वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं अभियान) उद्दिष्टं सगळ्यांना माहीत आहेतच: पहिलीअखेर ९९ पर्यंत संख्या, दुसरीअखेर ९९९ पर्यंत, आणि दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं.

तीन गोष्टींवर नेमकं हवं आहे. दशक-एकक हाताने शिकवताना काय साहित्य, किती, आणि मुलं कुठे अडतात? टीव्ही-मोबाईल कधी लावायचा, कधी नाही? आणि पालकांशी बोलायचं कसं, म्हणजे ते फक्त "हो सर, हो मॅडम" म्हणून निघून जाणार नाहीत?

विनंती एकच. साहित्य, माप, वेळ आणि बिघडतं कुठे हे लिहा. "मुलांवर प्रेम करा" हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

कादवा

धागा काढलात ते फार बरं झालं, ताई. दशक-एककापासून सुरुवात करतो, कारण पुढची बेरीज-वजाबाकी सगळी त्यावरच उभी राहते.

आइस्क्रीमच्या साध्या काड्या घ्या, रंगीत नकोत. रंगीत दिल्या की मुलं रंगानुसार वेगळ्या करत बसतात आणि दहाचा विचार मागे पडतो. चौघांच्या गटाला १४० काड्या लागतात. ९९ दाखवायला ९९ पुरतात, पण दोन संख्या मांडून बेरीज करायची तर जास्तीच्या हव्यात. २८ मुलांचे सात गट धरले तर हजारभर काड्या. मेन रोड, रविवार कारंजा भागात स्टेशनरीच्या घाऊक दुकानातून एकदम घेतल्या तर स्वस्त पडतात.

गठ्ठा बांधायला बारीक रबर बँड देऊ नका. सहा वर्षांच्या बोटांना ते ताणता येत नाहीत, आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात सुकून तटातट तुटतात. सायकलची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळते. तिच्या अर्धा सेंटीमीटर रुंदीच्या चकत्या कापा. एका वेढ्यात सैल बसली तर दोन वेढे. कापण्याआधी ट्यूब साबणाच्या पाण्याने धुवून घ्या, नाहीतर आतली पांढरी पावडर सगळ्या काड्यांना लागते.

आता महत्त्वाचं. गठ्ठे शिक्षकाने आधी बांधून ठेवू नयेत. वेळ वाचावा म्हणून बहुतेक ठिकाणी तेच होतं आणि मग मुलाच्या लेखी गठ्ठा ही एक वस्तू होऊन बसते, दहा काड्या राहत नाहीत. ३८ + २७ करताना आठ आणि सात सुट्या एकत्र आल्या, त्यातल्या दहा मोजून मुलाने स्वतः चकती चढवली, पाच उरल्या, गठ्ठे सहा झाले: हातचा एवढाच आहे. वजाबाकीत उलट. ४२ − १७ मध्ये दोन सुट्यांतून सात जात नाहीत, म्हणून गठ्ठा सोडावा लागतो. तो सोडताना थांबून विचारा, "आता सुट्या किती?" पुष्कळ मुलं दहा म्हणतात, आधीच्या दोन विसरतात. वहीतली चूक नेमकी इथे जन्मते आणि इथेच ती दुरुस्त होते.

क्रम असा ठेवा: काड्या, मग मणीमाळ, मग दहाच्या आणि एकच्या खेळण्यातल्या नोटा, मग संख्याकार्ड, आणि शेवटी नुसते अंक. एक लाल टिकली म्हणजे दहा, असलं काही दुसरीच्या आधी आणू नका. तिथे दहा दिसतच नाहीत, ते मानावे लागतात.

ब्रह्मगिरी

कादवा सरांच्या क्रमात मणीमाळ दुसरी आहे. माझ्या मते ती काड्यांच्या बरोबरीने चालू शकते. दहा लाल, दहा पांढरे असे आलटून पालटून १०० मणी, नायलॉनच्या दोरीत. मणी एक सेंटीमीटरचे असतील तर माळ एक मीटर होते, वर २० सेंटीमीटर दोरी मोकळी सोडायची म्हणजे मणी सरकवता येतात. दोन खिळ्यांना मुलांच्या छातीच्या उंचीवर ताणून बांधा. ३७ म्हटलं की तीन रंगपट्टे आणि सात मणी मोजून कपड्याचा चिमटा लावायचा. "३७ हे ४० च्या जवळ की ३० च्या?" हा प्रश्न काड्यांवर विचारता येत नाही, माळेवर लगेच येतो.

कादवा

मान्य. अंदाज आणि शेजारच्या संख्या यांसाठी माळच. हातच्यासाठी काड्या. दोन्ही ठेवा.

मखमलाबाद नाका

संख्यावाचनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दुसरीतल्या निम्म्या चुका मोजण्यातल्या नसतात, ऐकण्यातल्या असतात. त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, म्हणून मूल ३५ लिहितं. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं, म्हणून ३९ लिहितं. हे मूल "कच्चं" नाही. ते जसं ऐकतं तसंच लिहितं आहे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला "वीस एक" म्हणण्याची पद्धत जोडीने आली तेव्हा केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. वर्गात दोन्ही एका दमात म्हणून घ्या: "पन्नास तीन, त्रेपन्न." आधी जे लिहायचं ते, मग जे म्हणायचं ते. त्रेपन्न सोडायचं नाही, कारण बाजारात, एसटीत, घरी तेच कानावर पडणार.

सोबत सरकती संख्याकार्डं करा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम. दशकाची कार्डं १० सेंटीमीटर लांब, १० ते ९०. एककाची पाच सेंटीमीटर, १ ते ९. उंची दोन्हींची सारखी, सहा सेंटीमीटर. ५० च्या शून्यावर ३ ठेवला की ५३ दिसतात, उचलला की खाली शून्य तसंच. "त्रेपन्नमध्ये पन्नास लपलेत" हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. अंक कार्डाच्या बरोबर अर्ध्या-अर्ध्या भागात मध्यावर लिहा. ५० मधला ५ थोडा जरी उजवीकडे सरकला तरी एककाचं कार्ड त्याच्यावर चढतं.

एकोणचं वेगळं काम करावं लागतं. माळेवर चिमटा ३० वर लावायचा, एक मणी मागे घ्यायचा, आणि म्हणायचं, "तिसाला एक कमी, एकोणतीस." एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच रीत. ९९ तेवढा नव्व्याण्णव, तो स्वतंत्र सांगा.

सातपूर कॉलनी

टीव्हीबद्दल लिहितो.

आधी जागा. मुलं जमिनीवर बसतात, डोळे साधारण ५०-५५ सेंटीमीटरवर असतात. पुढच्याचं डोकं आड येऊ नये म्हणून टीव्हीची खालची कड ९० ते १०० सेंटीमीटरवर हवी. बरेच जण फळ्याच्याही वर टांगतात, मग मुलं मान वर करून बसतात आणि पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते. ४३ इंचीची उंची साधारण ५३ सेंटीमीटर. त्याच्या सहापटीपेक्षा लांबून अक्षरं नीट वाचता येत नाहीत. म्हणजे शेवटची रांग तीन-सव्वातीन मीटरच्या आत. खिडकीच्या समोरची भिंत टाळा, सकाळच्या उजेडात पडद्यावर खिडकीच दिसते.

नेट नसेल तर पेन ड्राइव्ह हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग. ३२ जीबीचा पुरतो. तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, कारण जुने टीव्ही एक्सफॅट ओळखतच नाहीत आणि "नो डिव्हाइस" दाखवतात. व्हिडिओ एमपी-४, ७२० पी. पहिली-दुसरीसाठी त्याहून जास्त स्पष्टतेची गरज नाही, फाईल तेवढी जड होते. काही टीव्हींवर मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून फाईलला नुसते आकडे द्या आणि यादी वहीत लिहून ठेवा.

टाइप-सी ते एचडीएमआय केबल विकत घेण्याआधी दुकानातच मोबाईल लावून बघा. कमी किमतीच्या बहुतेक फोनच्या चार्जिंग पोर्टमधून चित्र बाहेर जातच नाही. केबल चांगली असते, फोन चांगला असतो, तरी काही दिसत नाही, आणि पैसे वाया जातात.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन होत नसेल (पान चुरगळलेलं असतं, प्लास्टिकचं कव्हर चमकतं) तर कोडखाली छापलेली सहा अक्षरं टाइप करा, तोच धडा उघडतो. घरी नेट असताना डाउनलोड करून ठेवला की वर्गात नेटशिवाय चालतो.

आवाज ही सर्वात दुर्लक्षित गोष्ट. टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून असतात आणि पत्र्याच्या खोलीत पावसात काहीच ऐकू येत नाही. वायरने जोडायचा एक स्पीकर मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. ब्लूटूथने काही वेळा आवाज चित्राच्या मागे पडतो, आणि अक्षराचा उच्चार शिकवताना ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर मूल गोंधळतं.

जूनच्या वळवाच्या पावसात टीव्ही नुसता रिमोटने बंद करून जाऊ नका, पिन आणि केबल दोन्ही काढा. विजा कडाडल्या की पहिला टीव्हीच जातो.

ओझरकर

सातपूर सरांनी कसं लावायचं ते नेमकं सांगितलं. कधी लावायचा यावर माझं मत: एका इयत्तेला गुंतवून ठेवायला टीव्ही लावू नये. खोली एक, आवाज एक. पहिलीला गाणं लावलं की दुसरीची मुलं वही सोडून तिकडेच बघतात.

ब्रह्मगिरी

पण ओझरकर सर, शिक्षक एकटा आणि इयत्ता दोन, तेव्हा दुसरीला काय द्यायचं? दहा मिनिटं तरी मोकळी हवीतच ना?

ओझरकर

हवीतच. त्यासाठी स्वतः तपासता येणारी कार्डं. पुढे ३६ + २८, मागे उत्तर. मूल काड्यांनी करतं, उलटून बघतं, चुकलं तर कार्ड वेगळ्या डब्यात टाकतं. ज्या डब्यात कार्डं साठतात तो उद्याचा पाठ. ४० मिनिटांची तासिका असेल तर पहिली दहा मिनिटं दोघांना एकत्र, गोष्ट किंवा गाणं. मग १५ मिनिटं शिक्षक पहिलीसोबत आणि दुसरीला कार्डं, मग १५ मिनिटं उलट, पहिलीला अक्षरजोड्या किंवा मणी. टीव्ही त्या पहिल्या दहा मिनिटांत, तीन-चार मिनिटांचाच, मध्ये दोनदा थांबवून. "आता पुढे काय होईल?" विचारायचं आणि उत्तर आल्यावरच पुढे. हाताने करून झालेलं पडद्यावर दाखवलं तर मुलं ओळखतात, बोलतात. उलट क्रमाने नुसती बघत राहतात.

सातपूर कॉलनी

सहमत. आणि टीव्ही नसलेल्यांसाठीही एक गोष्ट: प्लिकर्स, झटपट चाचणी घ्यायचं मोबाईल ॲप. यात मुलांकडे काहीच यंत्र लागत नाही. प्रत्येकाला एक छापील कार्ड, शिक्षकाच्या मोबाईलच्या कॅमेऱ्याने सगळ्यांची उत्तरं एका फेरीत टिपली जातात. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, म्हणून शेजाऱ्याचं बघून सारखंच धरण्यात अर्थ राहत नाही. कार्ड कोणत्या बाजूने वर धरलं यावर ए, बी, सी, डी ठरतं. पहिलीच्या मुलांना ही अक्षरं येत नाहीत, शिवाय ती कार्डावर अगदी बारीक छापलेली असतात. म्हणून मागच्या बाजूला चार कडांना लाल, निळी, हिरवी, पिवळी टिकली चिकटवा आणि प्रश्न रंगांवर विचारा.

अडचणी ठरलेल्या आहेत. चकचकीत लॅमिनेशन केलं की उजेड परावर्तित होतो आणि कार्ड वाचलं जात नाही. साध्या जाड कागदावर चिकटवा. मुलं कार्ड मुठीत धरतात, काळ्या नक्षीवर बोट आलं की ते कार्ड गळतं. दोन्ही हातांनी, पांढऱ्या कडेला धरायला आधी दोन दिवस नुसतं शिकवा. मोबाईल भराभर फिरवू नका, डावीकडून उजवीकडे सावकाश. आणि निकाल मुलांच्या नावांनिशी टीव्हीवर दाखवू नका. तो शिक्षकासाठी आहे.

हरसूलची वाट

वाचनाच्या मोजणीबद्दल कळकळीने लिहायचं आहे, कारण आमच्याकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या मुलांवर यात अन्याय होतो.

एक मिनिटाची चाचणी घेताना उतारा पुस्तकातला नको. पुस्तकातलं मुलांना पाठ असतं आणि डोळे पानावर नसतानाही वाचन धाडधाड चालतं. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, पातळीनुसार लावलेल्या, आणि छापून घ्यायला परवानगी आहे. त्यातून ६०-७० शब्दांचे तीन उतारे निवडा. तीन यासाठी की बाहेर थांबलेली मुलं ऐकून ऐकून पहिला उतारा पाठ करतात. व्हरांड्यात एकेकाला घ्या, रोज चारच. २८ मुलं सात दिवसांत होतात. एका दिवसात उरकलं की शेवटच्या दहांना शिक्षकही दमलेला आणि मूलही.

आपल्या प्रतीवर चुकलेल्या शब्दाला तिरकी रेघ मारा. मूल तीन सेकंद अडलं तर शब्द सांगा, रेघ मारा, पुढे जाऊ द्या. मिनिट संपलं की वाचलेले शब्द वजा रेघा. मग उताऱ्यावर चार-पाच तोंडी प्रश्न. ५५ शब्द वाचून एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर ते वाचन झालेलं नाही, असं सरळ नोंदवा.

आणि हे कृपया सगळ्यांनी पाळा: घरी कोकणा किंवा अहिराणी बोलणारं मूल "पाणी"ला "पानी" म्हणालं, ळ च्या जागी ल म्हणालं, तर ती वाचनाची चूक धरू नका. त्याने शब्द ओळखलाय, अर्थ कळलाय, उच्चार घरचा आहे. शंका असेल तर त्या शब्दाचा अर्थ विचारा. हे न केल्यामुळे चांगली वाचणारी मुलं "शब्द स्तरावर" अडकलेली दाखवली जातात आणि त्यांना पुन्हा अक्षरांच्या गटात बसवलं जातं.

वर्गात एक घरच्या शब्दांची वही ठेवा. पानावर वर चित्र, खाली घरचा शब्द, त्याखाली पुस्तकातला. घरचा शब्द मुलांनी आणि त्यांच्या आयांनी सांगायचा. बागलाण-कळवणकडे "आहे"ला "शे" म्हणतात, ते फळ्यावर सन्मानाने लिहिलं की मूल पहिल्या आठवड्यातच तोंड उघडतं.

येवलेकर

परिसर अभ्यासासाठी पर्जन्यमापक सुचवतो. जिल्हा असा आहे की एकाच दिवशी इगतपुरीत धो-धो आणि येवल्यात कोरडं. दोन टोकांच्या शाळांनी मिळून केलं तर याहून चांगला पाठ नाही.

दोन लिटरची बाटली घ्या, पण अंगावर वळ्या किंवा कंबर असलेली नको. वळीपाशी व्यास बदलतो आणि पट्टी खोटं बोलते. खांदा संपून अंग सरळ होतं तिथेच कापा. वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा, कडेला टेप लावा. तळाला फुगवटे असतात, तिथे मोजता येत नाही. म्हणून खडे घाला आणि सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी ओता. ती शून्याची रेघ. तिथून वर मिलिमीटरची पट्टी पारदर्शक टेपने चिकटवा.

मैदानात झाडापासून आणि भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा. चार विटांच्या मध्ये, म्हणजे वाऱ्याने पडत नाही. मोजायचं रोज एकाच वेळी. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं. राज्य सरकारच्या फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानंतर चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरत नाहीत, तेव्हा दहाची वेळ धरा, पण ती हलवू नका. डोळा पाण्याच्या पातळीत आणून वाचा. उभ्याने वरून बघितलं की आकडा चुकतो. मोजून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत. कोरड्या दिवशी ऊन पडलं तर शून्याचं पाणीही उडतं, तेवढं भरून काढा. सोमवारच्या आकड्यापुढे "२ दिवस" लिहा.

इगतपुरीकडे जुलैत बाटली भरून वाहू शकते, म्हणून तिथे शाळा सुटतानाही एकदा मोजून रिकामी करा आणि दोन्ही आकडे मिळवा.

पहिली-दुसरीला मिलिमीटर नको. त्यांनी पाण्याच्या उंचीएवढी निळी कागदी पट्टी कापायची आणि तारखेखाली चिकटवायची. महिन्याअखेरीस भिंतीवर आलेख तयार. दुसऱ्या शाळेच्या पट्टीचा फोटो रोज मोबाईलवर मागवून तीही शेजारी चिकटवा, पण ती त्यांनी दिलेल्या आकड्याइतकी कापून. फोटोत लांबी खरी दिसत नाही.

मखमलाबाद नाका

फार सुंदर. नाशिक शहरातल्या शाळांनी यालाच गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती जोडावी. गोदावरीचा पूर मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आला की छातीपर्यंत, हे शहर पिढ्यान्‌पिढ्या तसंच मोजत आलं आहे. आकडे न येणाऱ्या मुलांना मापन म्हणजे काय ते इथून कळतं. चित्र काढून त्यावर त्या दिवशीची पाण्याची रेघ मारायची.

दारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सरकती कार्डं आणि चुकलेल्या कार्डांचा डबा लगेच करते. आता पालकांबद्दल लिहा ना कुणीतरी.

निफाड शिवार

पालकसभेची वेळ शेती बघून ठरवा, परिपत्रक बघून नाही. द्राक्षपट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरला छाटणी, फेब्रुवारी-मार्चला काढणी. कांदापट्ट्यात डिसेंबर-जानेवारीला उन्हाळ कांद्याची लागवड, मार्च-एप्रिलला काढणी. या दिवसांत दुपारी बारा वाजता कुणीही येणार नाही आणि न येणाऱ्याला बेजबाबदार म्हणणं चुकीचं आहे, त्याचा दिवसाचा रोज बुडतो. आठवडे बाजाराचा दिवसही टाळा. सातपूर-अंबडच्या शाळांत शिफ्ट बघा. एकच सभा ठेवली की एका शिफ्टचे पालक वर्षभर दिसत नाहीत, म्हणून महिन्याआड वेळ बदला.

सभा अर्ध्या तासाची, शाळा सुटण्याच्या वेळेला. भाषण नको. चार-चार आया मुलांसोबत बसवा आणि मुलाला त्यांच्यासमोर करायला लावा: "३४ काड्या मांड. आता १८ दे." मूल गठ्ठा सोडतं, ते आईला दिसतं. शाळेत न गेलेल्या आईलाही ते कळतं. प्रगतिपत्रकावरची श्रेणी कळत नाही.

प्रत्येक पालकाशी तीन वाक्यं. काय येतं, पुढे काय शिकतोय, घरी पाच मिनिटं काय करायचं. उदाहरणार्थ: "ताई, गौरीला काना-मात्रेचे शब्द वाचता येतात. जोडाक्षरं आता सुरू आहेत. रोज भाकरी करताना तिला डब्यावरची, पिशवीवरची नावं वाचायला लावा." "अभ्यास घ्या" असं मोघम सांगितलं तर घरी एकच होतं, मुलाला धपाटे बसतात.

शाळा व्यवस्थापन समितीतही ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. त्या महिला सहीपुरत्या राहू नयेत. माता गटांची जबाबदारी त्यांच्याकडेच द्या.

सातपूर कॉलनी

व्हॉट्सॲपबद्दल. वर्गाचा गट फक्त ॲडमिनने लिहायचा ठेवा, नाहीतर सुप्रभात आणि फॉरवर्डमध्ये सूचना बुडते. संदेश संध्याकाळी साडेसात ते साडेआठमध्ये. फोन बहुतेक घरांत वडिलांचा असतो आणि तो दिवसभर कंपनीत नाहीतर शेतात. लिहिण्यापेक्षा ३०-४० सेकंदांचा आवाजी संदेश पाठवा. त्यात एकच गोष्ट: "आज आपण पाऊस मोजला. घरी विचारा, किती बोटं पाणी होतं?" मूल उत्तर देतं आणि पालकाला शाळेत काय चाललंय ते समजतं.

वेगवेगळ्या पालकांना एकदम पण खाजगी पाठवायचं असेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट. मात्र ज्यांनी शिक्षकाचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो संदेश पोहोचतच नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच समोर सेव्ह करून घ्या. रिचार्ज संपून नंबर बंद पडतात, म्हणून प्रत्येक मुलामागे दोन नंबर आणि एक शेजाऱ्याचा.

मखमलाबाद नाका

त्यात भर. कोणाही मुलाचा निकाल, गैरहजेरी, फी, आजार गटावर नाही. मुलांच्या फोटोला वर्षाच्या सुरुवातीला लेखी संमती घ्या, ज्यांनी नाही म्हटलं त्यांची यादी मोबाईलमध्ये ठेवा, आणि चेहरा व पूर्ण नाव एकत्र टाकू नका. हाताचे, कामाचे फोटो काढा, उपक्रम तसाही हातातच असतो. आणि आधार, बँक पासबुकाचे फोटो गटावर मागवण्याची पद्धत ताबडतोब बंद करा. कागद शाळेत आणायला सांगा, नोंद झाली की परत द्या.

आधारवरून आठवलं. नाव किंवा जन्मतारीख रजिस्टरशी जुळत नाही म्हणून पोर्टलवर नोंद अडते आणि पालकांना चार-चार फेऱ्या पडतात. प्रवेशाच्या दिवशीच जन्मदाखला, आधार आणि रजिस्टर तिन्ही शेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. फरक असेल तर काय दुरुस्त करायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं आधार केंद्रावर पोहोचेपर्यंत बदलतं.

ओझरकर

"मोबाईल सोडतच नाही" या तक्रारीवर उपदेश करू नये. पालकाला एवढंच सांगा: जेवताना फोन कुणाच्याच हातात नाही, मोठ्यांच्याही. आणि अभ्यासाचा व्हिडिओ शाळेने पाठवला असेल तर तो मुलासोबत बसून एकदाच बघायचा. शिक्षकांनीही रोज लिंका पाठवणं थांबवलं पाहिजे. आपणच फोन हातात द्यायचं निमित्त पुरवतो.

हरसूलची वाट

शेवटचा मुद्दा, स्थलांतराचा. यावर पालकांशी बोलणं दिवाळीच्या सुट्टीआधीच व्हायला हवं. सुरगाणा-पेठहून कुटुंबं निफाड, दिंडोरीच्या बागांवर जातात, काही ऊसतोडीला. सुट्टी लागल्यावर विचारायला गेलं तर घराला कुलूप असतं.

सप्टेंबरअखेर प्रत्येक घरी विचारून यादी करा: कोण जाणार, कुठे, मुकादम किंवा बागाईतदार कोण, मूल मागे आजीकडे राहू शकतं का. राहणार असेल तर आजीचा नंबर घ्या, हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर ती सांगा. जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत शिक्षण पुढे चालू ठेवण्यासाठीचं कार्ड. त्यासोबत एका कागदावर मूल कुठल्या स्तरावर आहे ते साध्या शब्दांत लिहा: "दोन अक्षरी शब्द वाचतो, ४० पर्यंत मोजतो, हातचा अजून नाही." तिथल्या शिक्षकाला टक्केवारीचा उपयोग नसतो, या ओळीचा असतो.

आणि निफाड-दिंडोरीच्या शिक्षकांनो, दाखला आणला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट आहे. मूल आलं की त्याच दिवशी बसवा आणि मूळ शाळेला फोन करा.

निफाड शिवार

हरसूलच्या सरांना दुजोरा. आमच्या बाजूने एवढंच: मजूर कुटुंब बागेवर उतरतं तेव्हा शाळेला आपोआप कळत नाही. छाटणी सुरू झाली की बागाईतदारांनाच विचारून ठेवा, कोणाकडे किती कुटुंबं आली. कार्डावर दोन्ही शाळांच्या वर्गशिक्षकांचे नंबर लिहा, मुख्याध्यापकांचे नकोत, त्यांची बदली झाली की दुवा तुटतो. वर्गशिक्षकाचीही बदली होऊ शकते, म्हणून जोडीला शाळेच्या स्वयंपाकी ताईंचा नंबर घ्या. त्या गावातल्याच असतात.

हरसूलची वाट

हे उत्तम सुचवलंत. स्वयंपाकी ताईंच्या नंबरसाठी आमच्या कार्डांवर एक ओळ वाढवतो.